नवरदेव निळा, नाहीतर उलटा : लग्नाची जुनी कॅसेट कन्व्हर्ट करताना कोडेकची भांडणं

नाना_अमळनेर | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

धाकट्या भावाचं लग्न २००५ साली चोपड्याकडे झालं. शूटिंग मिनी डीव्हीच्या तीन कॅसेटवर होतं. कॅसेट तेव्हाच मागून घेतल्या होत्या. पुढे एका ओळखीच्याने फायरवायरच्या केबलने संगणकावर उतरवून दिल्या. तीन एव्हीआय फायली, प्रत्येकी तेरा जीबीच्या आसपास. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळं घर गावी जमणार आहे, तेव्हा टीव्हीवर लावू म्हणून एमपी४ करायला बसलो. त्याला आज आठवा दिवस.

पहिलं फुकटचं कन्व्हर्टर : नवरदेव निळा. फिक्कट-बिक्कट नाही, खरोखर निळा. हळद लागलेलं तोंड आकाशी आणि वहिनीचं कुंकू गर्द निळं.

दुसरं कन्व्हर्टर : रंग बरोबर, पण अख्खा मांडव उलटा. केळीचे खांब वरून खाली लोंबतायत आणि वऱ्हाडी छताला चिकटून जेवतायत.

व्हर्च्युअलडब (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) : चित्र सुरेख, आवाज गुल.

व्हीएलसी (नुसता प्लेअर) : तीच फाइल ठणठणीत, रंग-आवाज सगळं जागेवर.

संगणक जुना आहे. विंडोज ७, ३२ बिट. त्यावर गेल्या दहा वर्षांत दोन-तीन कोडेक पॅक टाकले गेलेत (एक मी, बाकीचे पुतण्याने). कोडेक म्हणजे दाबून ठेवलेलं चित्र-आवाज उलगडणारा तुकडा, आणि पॅक म्हणजे त्यांचं गाठोडं, एवढंच मला ठाऊक. आता विचारतो : फाइल खराब आहे, संगणक खराब आहे, की मी?

---

बट्टीप्रेमी | रविवार, रात्री ९:२२

नाना, निळा नवरदेव म्हणजे साक्षात कृष्ण. वहिनींना सांगू नका, मागच्या वीस वर्षांचा हिशोब मागतील.

---

धुळेकर | रविवार, रात्री ९:३१

काय भो, नवरदेवले उलटा टांगी दिधा का? हुंडा कमी पडना का काय!

---

रावेरची_केळी | रविवार, रात्री ९:४५

सोपं आहे. एखादा मोठा, नवा कोडेक पॅक डाउनलोड करा, त्यात सगळं येतं. माझ्याकडे चालला होता.

---

सातपुडा | रविवार, रात्री १०:३०

केळीभाऊ, हात जोडतो, हा सल्ला देऊ नका. ज्या घरात तीन जावा भांडतायत तिथे चौथी आणून भांडण मिटत नाही.

नाना, तुमची फाइल चांगली आहे. व्हीएलसीने ते दाखवूनच दिलं. पण लोक इथेच फसतात. 'व्हीएलसीत चालते, मग कन्व्हर्टरमध्ये का नाही' असं प्रत्येक जण विचारतो. कारण व्हीएलसी स्वतःची शिदोरी स्वतः बांधून आणतं. विंडोजमध्ये कुठले कोडेक टाकलेत याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हँडब्रेक आणि एफएफएमपेग या फुकटच्या कन्व्हर्टरांचंही तसंच. जुनी बरीचशी कन्व्हर्टरं मात्र डायरेक्टशोवर, म्हणजे विंडोजच्या व्हिडिओ चालवायच्या यंत्रणेवर जगतात. डायरेक्टशो म्हणजे गावची सार्वजनिक विहीर. कुठल्याही पॅकने येऊन तिच्यात आपला पोहरा सोडायचा, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने पाणी मागितलं की त्याच्या हाती जो पोहरा लागेल त्याने पाणी यायचं.

कोणता पोहरा आधी लागेल हे ठरतं 'मेरिट'वरून. प्रत्येक फिल्टर नोंदणी होताना एक मेरिटचा आकडा लावून येतो. सोळाच्या पायावर मोजलेले हे आकडे आहेत : साध्या फिल्टरला ६०००००, पसंतीच्याला ८०००००, आणि 'आपण होऊन वापरू नका' म्हणायचं असेल तर २०००००. पंगतीत मानाचं पान असतं ना, तसं. फरक इतकाच की इथे मान देणारा कुणी वडीलधारा नाही, जो तो स्वतःच स्वतःचा मान लिहून आणतो. मग प्रत्येक पॅक आपल्या फिल्टरला सगळ्यांच्या वर बसवतो. नंतर आलेला त्याच्याही वर. दहा वर्षांनी त्या पंगतीत कोण कुठे बसलंय हे देवालाही सांगता येत नाही.

एक करा. ग्राफस्टुडिओनेक्स्ट नावाचं छोटं, फुकट साधन आहे. त्यात तुमची एव्हीआय ओढून टाका. चौकोन आणि बाण दिसतील. फाइल कुठून कुठे जाते, मध्ये कोण कोण हात मारतं, ते सगळं डोळ्यांना दिसेल. फोटो काढून इथे टाका.

---

पाटलीणबाई | रविवार, रात्री १०:४१

'फिल्टर' म्हणजे मी इतके दिवस फोटोचा फिल्टर समजत होते, चेहरा गोरा करणारा. हे वेगळंच दिसतंय.

---

सातपुडा | रविवार, रात्री १०:५२

ताई, बरोबर पकडलंत. या विषयात एकाच शब्दाची दोन माणसं फिरतात. डायरेक्टशोतला फिल्टर म्हणजे साखळीतला कुठलाही टप्पा : फाइल वाचणारा, चित्र-आवाज वेगळे करणारा, उलगडणारा, पडद्यावर टाकणारा. आणि दुसरा फिल्टर म्हणजे चित्रावर केलेली प्रक्रिया : रेषा पुसणं, आकार बदलणं, धूसरपणा घालवणं. निम्मी भांडणं या दोघांची गल्लत झाल्याने होतात. चहाची गाळणी आणि पाण्याचा फिल्टर, दोन्हींचं काम गाळणंच, पण एकाच्या जागी दुसरं ठेवून बघा.

---

जुना_शूटिंगवाला | सोमवार, सकाळी ७:१५

आवाज का गेला ते मी सांगतो. हे दुखणं मी धुळ्यात दुकानावर शंभरदा पाहिलंय.

डीव्हीची एव्हीआय दोन जातींची असते, टाइप १ आणि टाइप २. कॅमेऱ्यातून फायरवायरने जो प्रवाह येतो त्यात चित्र आणि आवाज एकत्रच विणलेले असतात. टाइप १ मध्ये तो प्रवाह जसाच्या तसा, एकाच पट्ट्यात ठेवतात. टाइप २ मध्ये आवाजाची एक वेगळी प्रत काढून शेजारी दुसरा पट्टा लावतात. व्हर्च्युअलडबला दुसरा पट्टा लागतो. टाइप १ दिली की ते चित्र दाखवतं, आवाज त्याला सापडतच नाही. उघडताना तसा इशाराही देतं, पण आपण सगळे इशारे 'ओके' करून बंद करतो. नाना, तुमची टाइप १ आहे. टाइप १ ची टाइप २ करून देणारी छोटी साधनं मिळतात, त्यात दर्जा एक तसूभर जात नाही, कारण चित्राला हात लागत नाही.

आकाराचं म्हणाल तर तुमचं तेरा जीबी बरोबर आहे. डीव्हीचं चित्र सेकंदाला २५ मेगाबिट, आवाज वगैरे धरून तासाला तेराच्या घरात जातं. कमी असतं तर मी म्हटलं असतं की कुणीतरी मध्ये चिरडलंय.

आणि एक जुनी आठवण. त्या काळी लग्नाचं 'मिक्सिंग' व्हायचं, नवरा-नवरीच्या भोवती बदामाची चौकट, कोपऱ्यात गोल फिरणारा गणपती. काही दुकानांत कॅनोपस कंपनीची एडिटिंगची कार्डं होती. त्यांच्या फायलींवर चार अक्षरी खूण 'सीडीव्हीसी' असायची, आणि साध्या डीव्हीवर 'डीव्हीएसडी'. आतला माल जवळपास सारखाच, पण कापसाच्या गाठीवर मार्का दुसरा असला की जिनिंगवाला गाठ आत घेत नाही, तसं सॉफ्टवेअर म्हणायचं 'कोडेक सापडत नाही'. गिऱ्हाईक घरी जाऊन लावायचं, काळा पडदा. मग माझ्यावर ओरडायचं. कुणाकडे अशी मिक्सिंगची फाइल असेल तर घाबरू नका, एफएफएमपेग ती खूणसुद्धा ओळखतं.

---

बट्टीप्रेमी | सोमवार, सकाळी ७:४०

आबा, तो गोल फिरणारा गणपती तुम्हीच टाकला होता का? आमच्या लग्नात तो मंगलाष्टकं संपेपर्यंत फिरत होता. शेवटी भटजींना चक्कर आली.

---

जुना_शूटिंगवाला | सोमवार, सकाळी ७:४४

गणपतीचे वेगळे पैसे घेत नव्हतो, म्हणून लोक जास्त फिरवून घ्यायचे.

---

पुण्यातला_भुसावळी | सोमवार, सकाळी ११:०५

एवढी चर्चा कशाला? हँडब्रेक टाका, विषय संपला. डायरेक्टशो, मेरिट, विहीर, पोहरा, हे सगळं २०१० मधलं. आज कुणी वापरत नाही.

---

नाना_अमळनेर | सोमवार, दुपारी १:२०

भुसावळकर, टाकायला गेलो होतो. आताचं हँडब्रेक ६४ बिट विंडोज मागतं. माझं ३२ बिट. दारातूनच परत आलो.

---

सातपुडा | सोमवार, दुपारी १:४८

@पुण्यातला_भुसावळी, तुमचं उत्तर चूक नाही, पण पुण्याहून दिलेलं आहे. इकडे अजून घरोघरी, फोटो स्टुडिओत, पतपेढ्यांत विंडोज ७ गुण्यागोविंदाने नांदतंय. आणि नानांना कळायला नको का की नवरदेव निळा का झाला?

---

पुण्यातला_भुसावळी | सोमवार, दुपारी २:०२

मान्य. पण मी भुसावळचाच आहे हो. पुण्यात फक्त भाडं भरतो.

---

खान्देशी_कॉमेडीवाला | सोमवार, सायंकाळी ६:३०

थोडं विषयांतर करतो, पण माझंही दुखणं याच कुळातलं आहे. आम्ही शिरपूरला अहिराणी गाणी आणि कॉमेडीचे व्हिडिओ करतो, मोबाइलवरच शूट. एडिटिंगला टाकलं की सुरुवातीला सगळं ठीक, पाचव्या मिनिटाला तोंड आधी हालस आनि आवाज मागून येस. विनोद करणारा आधी हसतो, मग विनोद ऐकू येतो. कोडेक बदलून पाहिलं, फोन बदलला. शेवटी कळलं की फोन एका चालीने फ्रेम घेतच नाही. उजेड कमी झाला की हळू, वाढला की जलद. बदलता फ्रेम रेट म्हणतात त्याला. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ठरलेल्या चालीचं गृहीत धरतं.

उपाय : एडिटिंगच्या आधीच हँडब्रेकमधून स्थिर फ्रेम रेट निवडून फाइल काढून घ्यायची. मग ताल सुटत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला म्हणजे सगळं स्थिर झालं, असं मला वाटायचं!

---

धुळेकर | सोमवार, सायंकाळी ६:५१

मन्हाकडे बी असंच व्हयनं व्हतं. बठ्ठा गाव म्हणे, डबिंग करेल शे.

---

पाटलीणबाई | सोमवार, रात्री ८:१०

मालेगावच्या पोरांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर अख्खे सिनेमे काढून दाखवले, आणि आपण एक लग्न कन्व्हर्ट करेना. 😀

माझा एक अनुभव. मी एक जुनं नाटक डोळ्यांनी कमी ऐकू येणाऱ्या (म्हणजे कानांनी!) सासऱ्यांसाठी सबटायटलसकट कन्व्हर्ट केलं होतं. निघालं तर प्रत्येक ओळ दोनदा, एकीवर एक, जरा सरकून. जणू दारू पिऊन वाचतोय. ते का झालं असेल?

---

सातपुडा | सोमवार, रात्री ८:३३

ताई, दोन चुलीवर एकच भाकरी. तुमच्याकडे एफएफडीशो आणि डायरेक्टव्हॉबसब असे दोन फिल्टर असणार. दोघंही न बोलावता साखळीत शिरतात आणि दोघांनाही सबटायटल छापता येतं. दोघांनीही छापलं. प्लेअरमध्ये असतं तर एकाला बंद करून सुटला असतात, पण कन्व्हर्ट करताना ती अक्षरं चित्रातच भाजली जातात, मग निघत नाहीत. एकात सबटायटल बंद ठेवा आणि पुन्हा काढा.

एफएफडीशोची ही खोड लक्षात ठेवा. त्याच्यात तुम्ही प्लेअरसाठी म्हणून जे काही टिक केलंय, ते कन्व्हर्टरलाही लागू होतं. त्याला कुठे माहीत, विचारणारा कोण आहे ते.

---

नाना_अमळनेर | मंगळवार, रात्री १०:१५

सापडलं!! (अर्धं.)

ग्राफस्टुडिओनेक्स्टमध्ये पहिली फाइल टाकली. डावीकडून उजवीकडे पाच चौकोन आले. पहिला फाइलचा, दुसरा एव्हीआय स्प्लिटर. तिसऱ्यावर लिहिलेलं 'डीव्ही स्प्लिटर', आणि त्याच्यातून दोन बाण फुटलेले, एक चित्राचा, एक आवाजाचा. शूटिंगवाले आबा, तुमचं खरं आहे, टाइप १ आहे. इथे ते वेगळं करणारा चौकोन हजर आहे म्हणून या कन्व्हर्टरांमध्ये आवाज येत होता. चित्राचा बाण पुढच्या चौकोनात शिरत होता आणि त्यावर लिहिलं होतं एफएफडीशो.

त्याच क्षणी खाली उजवीकडे, घड्याळाच्या शेजारी, एक बारीक चौकोनी खूण उगवली. ती मी आठ दिवस बघत होतो. कन्व्हर्टर सुरू केलं की यायची, बंद केलं की जायची. मला वाटायचं अँटीव्हायरस असेल.

तिच्यावर डबल क्लिक केलं. डावीकडे लांबलचक यादी, तिच्यात कुठे कुठे टिक. एकेक उघडत गेलो. 'ऑफसेट अँड फ्लिप' म्हणून एक ओळ आहे, तिच्यावर टिक. आत 'फ्लिप'वर टिक. काढली. कन्व्हर्टर पुन्हा लावलं. मांडव सरळ!

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, 'काका, कॉलेजात असताना मोबाइलवर गॅदरिंगचं शूटिंग उलटं झालं होतं, ते बघायला केलं होतं.' म्हणजे एका उलट्या गॅदरिंगपायी माझा भाऊ पाच वर्षं डोक्यावर उभा. डीव्ही एफएफडीशोकडे का जावी, तर त्याने फॉरमॅटच्या यादीत दिसेल त्या ओळीला टिक मारून ठेवली होती.

पण पहिल्या कन्व्हर्टरमध्ये नवरदेव अजून निळाच.

---

बट्टीप्रेमी | मंगळवार, रात्री १०:२१

पुतण्याला आखाजीला पुरणपोळी वाढू नका. उलटी वाढा.

---

सातपुडा | मंगळवार, रात्री १०:५८

शाब्बास नाना! म्हणजे तुमची दुखणी तीन आहेत, एक नाही. आवाजाचं टाइप १ मुळे, उलट्याचं पुतण्यामुळे, आणि निळ्याचं तिसरंच.

निळ्याचं असं आहे. व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे ठेवत नाहीत. उजेडाचा एक थर आणि रंगाचे दोन थर ठेवतात. एका मांडणीत रंगाचा हा थर आधी, दुसऱ्या मांडणीत तो. वायव्ही१२ आणि आय४२० या दोघांत फरक फक्त तेवढाच. एका फिल्टरने वायव्ही१२ दिलं आणि पुढच्याने ते आय४२० समजून वाचलं की दोन्ही थरांची अदलाबदल होते. लाल ते निळं होतं, पिवळं ते आकाशी. काळं, पांढरं, करडं मात्र जसंच्या तसं राहतं. नाना, तपासून बघा : वहिनींच्या साडीची पांढरी फुलं आणि माणसांचे केस बरोबर दिसतायत ना? तसं असेल तर हेच दुखणं.

त्या कन्व्हर्टरने येताना स्वतःचा एक रंग बदलणारा फिल्टर आणलेला असणार, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी मांडणीवर बसलाय. तो शोधत बसण्यापेक्षा ते कन्व्हर्टरच काढून टाका. पण एक सांगतो, सॉफ्टवेअर काढलं तरी त्याचे फिल्टर कधी कधी विहिरीतच राहतात. शिल्लक राहिलेल्या 'डॉट एएक्स' फाइलची नोंद 'रेगएसव्हीआर३२' ने काढावी लागते. नक्की ओळख पटल्याशिवाय कुठलीही नोंद काढू नका, आणि आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा.

६४ बिट विंडोजवाल्यांनो, तुमच्या घरी दोन विहिरी असतात. ३२ बिट सॉफ्टवेअरला ३२ बिटचेच फिल्टर दिसतात, ६४ ला ६४ चे. 'कोडेक टाकला तरी दिसत नाही' म्हणणारे निम्मे लोक चुकीच्या विहिरीत वाकून बघत असतात. त्यात विंडोजने ६४ बिटचं घर 'सिस्टिम३२' आणि ३२ बिटचं घर 'सिसवॉव६४' अशी उलटी नावं ठेवलीयत. त्याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

---

नाना_अमळनेर | बुधवार, सकाळी ६:५०

केस काळे, साडीवरची फुलं पांढरी. जोडे मात्र लालचे निळे झालेत. बरोबर ओळखलंत. ते कन्व्हर्टर काढून टाकलं.

आता दुसऱ्या, सरळ झालेल्या कन्व्हर्टरने दहा मिनिटं काढून टीव्हीवर लावली. बँडवाल्याचा हात हलला की हाताला फणीसारखे दात येतात. नवरी मान खाली घालून बसलीय तोवर ठीक, पण वरमाय ओवाळायला लागली की ताटाच्या चिंध्या. हे आणखी कोणतं कोडेक?

---

जुना_शूटिंगवाला | बुधवार, सकाळी ८:०५

हे कोडेक नव्हे, हे आमच्या काळचं टीव्हीचं देणं. पाल म्हणजे आपल्याकडची जुनी टीव्हीची पद्धत, तिच्यात सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं. एका अर्ध्यात विषम रेषा, दुसऱ्यात सम. दोन्ही अर्धी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने पुढे-मागे टिपलेली. जुना डब्याचा टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा म्हणून छान दिसायचं. आताचा टीव्ही किंवा मोबाइल दोन्ही एकदम दाखवतो. मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो, म्हणून फणी.

त्यासाठी डीइंटरलेस करायचं, म्हणजे ही एकमेकांत गुंफलेली अर्धी सोडवायची. हँडब्रेकमध्ये त्याचा फिल्टर आहे, त्यात 'बॉब' निवडलं तर दोन्ही अर्ध्यांतून सेकंदाला पूर्ण ५० चित्रं बनतात. नाच, बँड, घोड्यावरचा नवरदेव, सगळं लोण्यासारखं सरकतं. २५ ठेवलं तर जरा झटके.

दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. डीव्हीत खालचं अर्धं आधी येतं. बहुतेक डीव्हीडींत वरचं आधी. क्रम उलटा सांगितलात तर माणसं दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी चालतात. वरातीत ते खपून जातं, सप्तपदीत नाही.

दुसरं, आधी डीइंटरलेस आणि मग आकार बदलायचा. आधी आकार बदलला की सम-विषम रेषा एकमेकींत कालवल्या जातात आणि मग कुठलाच फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. शेवभाजीत शेव विरघळल्यावर निवडून काढता येते का? तसं.

---

रावेरची_केळी | बुधवार, सकाळी ९:२०

मी काल भाच्याच्या सांगण्यावरून एफएफएमपेगच्या काळ्या खिडकीत प्रयत्न केला. कुठेतरी वाचलं होतं की 'कॉपी' लिहिलं की दर्जा जात नाही. म्हणून कॉपीही लिहिलं आणि डीइंटरलेसचा फिल्टरही लावला. ते तयारच होईना, चूक दाखवून थांबलं.

---

सातपुडा | बुधवार, सकाळी ९:४१

होणारच नाही. कॉपी म्हणजे गाठोडं न सोडता एका गाडीतून दुसऱ्या गाडीत ठेवणं. फिल्टर म्हणजे गाठोडं सोडून आतला कपडा धुणं. दोन्ही एकदम कसं होईल? चित्राला फिल्टर लावायचा तर चित्र पुन्हा एन्कोड करावंच लागेल. आवाज मात्र हवा तर कॉपी ठेवा. पण तुमचा आवाज डीव्हीचा साधा पीसीएम (न दाबलेला) असेल तर एमपी४साठी तो एएसी (दाबलेला) करा, नाहीतर कुठे वाजेल, कुठे नाही.

---

धुळेकर | बुधवार, दुपारी ३:१५

दुपारी ४४ अंश आणि मी कन्व्हर्टिंगला लावून बसलोय. पंख्याचा आवाज ट्रॅक्टरसारखा. कॅबिनेट उघडून कूलरसमोर ठेवू का?

---

पुण्यातला_भुसावळी | बुधवार, दुपारी ३:२२

कूलरसमोर नको! ओल जाईल आत. झाकण उघडा आणि साधा टेबल फॅन लावा. नाहीतर रात्री लावा, वीज असेल तर. भुसावळात आम्ही मे महिन्यात संगणक पहाटे चार वाजता वापरायचो, तेव्हा कुठे प्रोसेसर आणि माणूस दोघं शुद्धीवर असायचे.

---

नाना_अमळनेर | शुक्रवार, रात्री ११:३०

शेवटचं कळवतो.

पुतणीचा ६४ बिट लॅपटॉप दोन दिवसांसाठी मागितला. फायली न्यायला गेलो तर पेनड्राइव्हवर तेरा जीबी जाईना, जागा बत्तीसची असूनही. ती म्हणाली, काका, फॅट३२ आहे, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एनटीएफएस करून घेतला. हे मला आधीच कुणी का नाही सांगितलं?

हँडब्रेक, एच २६४ कोडेक, दर्जाचा आकडा २०, डीइंटरलेस 'बॉब', फ्रेम रेट ५० स्थिर. आकाराला हातच लावला नाही, ७२० बाय ५७६ तसंच ठेवून ४:३ दाखवू दिलं. फाइल टाइप १ होती तरी हँडब्रेकने कुरकुर केली नाही, आवाज आपोआप आला. पहिली कॅसेट दीड जीबीत बसली. भाऊ सरळ आहे, पिवळा आहे, आणि बँडवाल्याच्या हाताला पाचच बोटं आहेत.

एकच राहिलंय. हळदीच्या रात्रीचं शूटिंग या तीन कॅसेटवर नाहीच. ते वेगळ्या माणसाने केलं होतं आणि फक्त व्हीसीडी आहे. तिच्यात 'डॉट डॅट' नावाची फाइल आहे. कॉपी करायला गेलं की पंचवीस टक्क्यांवर अडकते. त्यात आजी आहे, जात्यावर हळद दळताना. आजीचा चालता-बोलता फोटो तेवढाच.

---

सातपुडा | शनिवार, सकाळी ७:०५

नाना, अभिनंदन!

व्हीसीडीचं चित्र एमपेग-१ असतं, ३५२ बाय २८८, इंटरलेस नाही, म्हणून बॉब वगैरे लावू नका. अडकण्याचं कारण वेगळं आहे. साध्या डेटाच्या सीडीत प्रत्येक खणात चूक दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती असते. व्हीसीडीत व्हिडिओच्या खणांतून ती बरीचशी काढून ती जागा चित्राला दिलेली असते. म्हणून तासाभराचा सिनेमा मावतो, आणि म्हणूनच एक ओरखडा भारी पडतो. फाइल नुसती ओढून कॉपी करू नका. विंडोज एका चुकीला अडून बसतं. वाचता न आलेला भाग सोडून पुढे जाणारी साधनं आहेत, ती वापरा. दोन-चार सेकंद चित्र चौकोनी होईल, बाकी येईल.

---

जुना_शूटिंगवाला | शनिवार, सकाळी ७:३०

त्याआधी सीडी कोमट पाण्याने, चिमूटभर साबण लावून धुवा. मऊ सुती कापडाने मधून बाहेर पुसायची, गोल गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो, तो वाचणाऱ्याला जास्त नडतो. आणि ड्राइव्ह बदलून बघा. जुने सीडी ड्राइव्ह कधी कधी नव्यापेक्षा जास्त सोशीक असतात. माझ्याकडे दोन आहेत. धुळ्याला येणं झालं तर सीडी ली या.

---

नाना_अमळनेर | सोमवार, रात्री ९:५५

आबांकडे जाऊन आलो. दुसऱ्या ड्राइव्हने वाचली. मध्ये अकरा सेकंद चौकोन चौकोन आहेत, बाकी पूर्ण. आजी दिसते, जात्याचा आवाज येतो, आणि बायका गाणं म्हणतायत. पण आवाज घोगरा आहे, अहिराणी शब्द अर्धे कळतात, अर्धे जात्यात जातात.

---

पाटलीणबाई | सोमवार, रात्री १०:०४

नुसता आवाज काढून पाठवा नाना. माझ्या सासूबाईंना ऐकवते. ऐंशीच्या आहेत, हळदीची गाणी तोंडपाठ. शब्द उतरवून इथेच टाकते.

---

बट्टीप्रेमी | सोमवार, रात्री १०:०९

कॉपी लिहा नाना, फिल्टर लावू नका.